कुलूप आधीच घेतलेलं आहे

संध्याकाळी पावणेसहाला मंडीतून फोन:
धर्मकाटा अडकलाय, मॅडम.
स्क्रीनवर सोयाबीनचा एक ट्रक
तासभर एकोणीस टनांवर उभा,
मागे ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत,
आणि एरर कसलीच नाही.

एरर आली असती तर बरं होतं.
हे नुसतं थांबणं होतं.
एका थ्रेडच्या हातात आवकेचं कुलूप, त्याला हवी शिल्लक;
दुसऱ्याच्या हातात शिलकीचं, त्याला हवी आवक.
दोघंही नियमाने वागत होते,
आणि नियम माझा होता.

मार्चमध्ये मीच घातलं होतं ते दुसरं कुलूप.
'शिल्लक बदला' नावाचं फंक्शन,
आत कुलपाची ओळच नाही, सताड उघडं,
वर हेमंत शिरढोणकरांची कमेंट, दोन हजार अकराची:
जपून वापरावे.
लोणच्याच्या बरणीवर लिहितात तसं.
कशापासून जपून, कुणी जपून,
काही नाही.

शिरढोणकर आता लोकमान्यनगरला असतात,
सतार शिकतात म्हणे.
"अगं, जो बोलावतो त्याच्या हातात आवकेचं कुलूप असतंच.
तेच शिलकीचीही राखण करतं.
हे सगळ्यांना माहीत होतं."
सगळ्यांना म्हणजे?
"मी, गुप्ते, आणि बडजात्या."
गुप्ते ओटावाला.
बडजात्या दुसऱ्या लाटेत गेले.
फोनवर थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.
"म्हणजे मला," ते म्हणाले.

सर्व्हर उठवून, ट्रक सोडवून
साडेनऊला सराफ्यात पोचले, पोटात आग.
सोनाराचं शटर खाली आलं
आणि त्याच क्षणी, त्याच ओट्यावर
मांगीलालची कढई चढली.
दिवसा जिथे मंगळसूत्रं तोलतात
तिथे रात्री भुट्ट्याचा कीस.
विचारलं, हे ठरलंय कुठे? काही लिखापढी?
"लिहायचं काय त्यात?
शटरचा आवाज झाला की ओटा माझा.
बापाच्या वेळेपासून."

झाऱ्याने कडेचं खरवडत राहिला.
मग स्वतःच म्हणाला,
"एकदा धनतेरसच्या आधी
त्यांच्या नव्या पोराने शटर अर्ध्यावर आणून सोडलं.
त्याला वाटलं, अर्धं म्हणजे चालू.
मला वाटलं, अर्धं म्हणजे बंद.
आत नवरी बसली होती, बाहेर यायला वाकली.
तेल तापलेलं."
पुढचं त्याने सांगितलं नाही.
वर जिरावण जास्त टाकून दिलं.

घरी येऊन माझं कुलूप काढलं.
ते काढायला दोन मिनिटं लागली.
मग लिहायला बसले, मराठीतच,
कारण काट्यावर बसणारी पोरं दोन्ही मराठी
आणि इंग्रजी कमेंट मीही वाचत नाही खरं तर.

हे फंक्शन स्वतः कुलूप घेत नाही.
बोलावणाऱ्याने आवकेचं कुलूप आधीच घेतलेलं असावं.
नसेल तर शिल्लक चुकेल, आणि कळणारही नाही.
आत दुसरं घालू नये. मी घातलं होतं.
बोलावणारे पाच. चार तपासले.
पाचवा रात्रीच्या हिशेबाचा,
तो कुलूप घेताना दिसत नाही. का, ते माहीत नाही.

'जपून वापरावे' पुसायला गेले,
राहू दिलं.
फोटो काढून शिरढोणकरांना पाठवला.
निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर नाही.
मी दात घासले, गॅस बघितला, दार लावलं,
लावलं का ते पुन्हा बघितलं.

बारा वाजून गेल्यावर एक ओळ आली:

पाचव्याला कुलूप नाही हे बरोबर.
रात्री तेव्हा कुणी नसायचं.